बाबा सामन्याला का येत नाहीत

मरोळ, अंधेरी (पूर्व)
९ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
कल्पिताचा शि. सा. न. वि. वि.

जकार्ताची स्पर्धा आटपून काल घरी आले, तर तुझं पत्र वॉचमनकडे माझी वाट बघत होतं. फोनला कान लावला की तुझं कानातलं मशीन शिट्टी मारतं, म्हणून तू मला पत्रांची सवय लावलीस. आता टूरवर माझ्याबरोबर खेळणाऱ्या मुली मला हसतात. म्हणतात, हिच्याकडे अजून पोस्टमन येतो.

तू विचारलं होतंस की साडेचार तास चालणाऱ्या गोल्फमध्ये खरं मारणं किती वेळ चालतं. मी मोजलं. दिवसाला सत्तरेक फटके आणि एका फटक्याला दोन सेकंदसुद्धा नाहीत. म्हणजे अडीच मिनिटं धर. बाकीचा वेळ चालणं, गवत बघणं, वारा बघणं आणि स्वतःला शिव्या न देणं. शेवटचं सगळ्यात कठीण.

जकार्तात नववी आले. दोन वर्षांत एकही कप नाही, ते तुला ठाऊक आहेच. चेंडू उजवीकडे पळतो. कोच बदलून झाले, स्टिका बदलून झाल्या.

आता खरी बातमी. फेब्रुवारीत आमच्या टूरची स्पर्धा बाबांच्या क्लबवर आहे, जिथे त्यांनी एकोणतीस वर्षं गवत कापलं. क्लबवाल्यांनी ठरवलं की पहिल्या दिवशी बाबांचा सत्कार करायचा: माळीकाम करणाऱ्याने मुलीला चॅम्पियन केलं, असा. मी एवढी खूश होऊन मालाडला सांगायला गेले, तर बाबा म्हणाले, जमणार नाही. का, तर गुडघा दुखतो. आत्या, हे गृहस्थ रोज सकाळी मालाडहून मार्व्याच्या जेट्टीपर्यंत चालत जातात आणि मासळी घेऊन चालत परत येतात.

गुडघ्याचं कारण मी वर्षानुवर्षं ऐकतेय. त्याआधी ड्यूटी होती. टूरवरच्या माझ्या अकरा विजेतेपदांपैकी एकही त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. आई होती तेव्हा सांगायची की मोबाइलवर माझा सामना लागला की हे गॅलरीत जाऊन उभे राहतात. मला खेळायला शिकवलं त्यांनीच. मग बघायचं का नाही? विचारलं की विषय बदलतात. तू मोठी बहीण आहेस, तुझ्यासमोर त्यांची पळवाट चालणार नाही. शोधून काढशील का?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
कल्पिता


मुलुंड (पूर्व)
१८ नोव्हेंबर २०२४

चि. कल्पिता हिस,
अ. उ. आ.

अडीच मिनिटांचा हिशेब वाचून मी तासभर चक्रावून बसले. शाळेत चौतीस वर्षं शिकवलं, पण इतक्या थोड्या कामाला इतका मोठा दिवस लागतो हे कुठल्या विषयात बसवावं ते कळेना. आता पुढचे प्रश्न घे. एकमेकींच्या विरुद्ध खेळताना तुम्ही बोलता का? आणि स्वतःचे फटके म्हणे तुमचे तुम्हीच मोजता. चेंडू झाडीत गेला आणि तिथे कोणी नसलं, तर कोण बघतं? क्रिकेटमध्ये दोन-दोन पंच असूनही भांडणं होतात. तुमच्यात पंच लांब, आणि भांडण नाही, हे कसं?

सहदेव लहानपणी असा नव्हता. मालवणात असताना कोणाच्या विहिरीत किती पाणी आहे ते सांगत फिरायचा. पुढे मुंबईत त्याची गिरणी बंद पडली, तेव्हा सहा महिने गप्प होता. मग क्लबवर गवत कापायचं काम मिळालं आणि पुन्हा बोलायला लागला, तेही गवताबद्दलच. हे गवत आडवं वाढतं, ते उभं वाढतं, या बाजूला सकाळचं ऊन कमी. आम्ही कंटाळायचो.

तू सहा वर्षांची असताना त्याने कोणी टाकून दिलेली स्टिक करवतीने कापली आणि तिच्या मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळली. तुमच्या बिल्डिंगमागच्या मोकळ्या जागेत बादली ठेवून तू चेंडू मारायचीस. मी आले होते तेव्हा चाळीस चेंडू मारलेस आणि बादलीत एकही नाही. मला हसू आवरेना. सहदेव मात्र माझ्यावर रागावला. म्हणाला, अक्का, बादलीकडे बघू नको, तिच्या खांद्याकडे बघ. असा माणूस मुलीचा खेळ बघत नाही, हे मलाही कोडंच आहे.

लिहिते त्याला. तू जेवणाची हेळसांड करू नकोस. तुझी आत्या प्रश्न फार विचारते, पण उत्तरं जपूनही ठेवते.

आशीर्वाद आहेतच,
जानकी


मुलुंड
१९ नोव्हेंबर २०२४

चि. सहदेवास,
अ. आ.

बरा आहेस ना? मी बरी आहे. आडवळणाने लिहिणं मला जमत नाही. क्लबवाले तुझा सत्कार करतायत आणि तू गुडघा पुढे केलास. तुझा गुडघा मला माहीत आहे. गणपतीत माझा चौथा मजला तू माझ्याआधी चढलास.

पोर चौतिशीला आली. इतकी वर्षं तिला वाटतंय की तिचा खेळ तुला आवडत नाही. तसं तोंडाने बोलत नाही, पण पत्रात दिसतं. खरं काय ते मला लिही. मला ऐकू येत नाही, तेव्हा भेटून पुटपुटलास तर उपयोग नाही. लिहावंच लागेल.

तुझी अक्का


मालाड (पश्चिम)
१ डिसेंबर २०२४

ती. अक्कास,
सहदेवचा सा. न.

अक्का, माका जास्त लिवूक येणा नाय, तुला ठाऊक आहे. तीनदा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो.

२००८ साली आपल्या क्लबवर राज्याची ज्युनिअर स्पर्धा होती. कल्पी सतरा वर्षांची. जिंकेल तिला बंगळूरच्या अकादमीत दोन वर्षं राहून शिकायची सोय होती. पुढल्या वर्षी वय संपणार. म्हणजे तोच शेवटचा चान्स.

शेवटच्या दिवशी मी चौदाव्या होलच्या उजव्या अंगाला गवत कापायचं मशीन बंद करून उभा होतो. खेळाडू आले की मशीन बंद करून झाडाआड उभं राहायचं, असा आम्हाला हुकूम. तिथे विलायती शिरीषाचं मोठं झाड आहे. कल्पीचा पहिला फटका उजवीकडे आला, झाडावर आपटला आणि चेंडू माझ्यापासून चार पावलांवर दोन मुळांच्या मधल्या खाचेत जाऊन बसला. स्टिक आतच जाणार नाही अशी जागा. नियमाने एक फटका दंड घेऊन चेंडू बाहेर काढावा लागला असता.

पोरी लांब होत्या. बघणारं कोणी नव्हतं. माझा पाय पुढे गेला, अक्का. बुद्धी मागून आली. चेंडू मी पायाने हातभर बाहेर सरकवला, गवतावर.

ती आली. मला बघितलं, पण बोलली नाही, मीच तसं शिकवलेलं होतं. चेंडू चांगल्या जागी आहे बघून तिचा चेहरा फुलला. तिथून सरळ खळग्याभोवतीच्या ग्रीनवर मारला. चार फटक्यांत होल संपला. आणि शेवटी ती एका फटक्याने जिंकली.

कप घेऊन ती माझ्याकडे धावत आली, तेव्हा मला तिच्या डोळ्यात बघता आलं नाही. त्यानंतर मी तिच्या खेळाच्या जवळ गेलो नाही. ती खेळत असली की माझा पाय मला दिसतो. एवढंच आहे. गुडघा चांगला आहे.

तिला सांगू नकोस.
धाकटा,
सहदेव


मुलुंड
६ डिसेंबर २०२४

चि. सहदेवास,
अ. आ.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा तुझी कीव आली, तिसऱ्यांदा वाटलं की बाप म्हणून मीही पाय पुढे केला असता. चौथ्यांदा वाचताना मात्र वेगळंच दिसलं, ते सांगते.

सामन्याला न जाऊन तू स्वतःला शिक्षा देतोयस, असं तुला वाटतं. पण ती शिक्षा भोगली कोणी? तू मार्व्याला चालत जाऊन बांगडे आणतोस. पोर मात्र प्रत्येक सामन्यात गर्दीकडे बघते आणि तिथे बाप नसतो. तिने काय केलं होतं? तिला तर माहीतही नाही.

मी तिला सांगणार नाही. ते तुझं काम आहे. पत्र लिहू नकोस, समोर जा. सत्कार घ्यायचा की नाही हा प्रश्न नंतरचा.

आणि एक विचारायचं राहिलं. त्या स्पर्धेत दुसऱ्या नंबरवर कोण आली होती, ते तुला आठवतं का?

तुझी अक्का


मरोळ
१७ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाबा रविवारी आले होते. न सांगता आले, म्हणून मला वाटलं काहीतरी आजारपण. चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला आणि मग उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मध्ये थांबले नाहीत. पाठ करून आले असावेत.

मी त्यांना म्हणाले, तुम्ही जा. एवढंच. मग ते गेले. मी खाली सोडायलाही उतरले नाही. तू मला बोलशील, बोल.

मला कशाचा राग आलाय ते नीट सांगता येत नाही. तू विचारलं होतंस ना, झाडीत कोण बघतं? माझं उत्तर तयार होतं. मी लिहिणार होते की आमच्यात आपणच आपला पंच असतो. थायलंडला एकदा माझ्या स्टिकने चेंडू केसभर हलला होता. कोणी पाहिलं नव्हतं. मी स्वतः सांगून एक फटका दंड घेतला आणि एका फटक्याने हरले. पेपरात आलं होतं, तू कात्रण ठेवलं होतंस. त्या दिवशी मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता. आणि आता कळतं की मुळात मी तिथवर पोचले तीच सरकवलेल्या चेंडूवरून.

टूरच्या नियमवाल्या अधिकाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, खेळाडूला माहीत नव्हतं, स्पर्धा केव्हाच संपली, निकाल कायम. नियमाने मी मोकळी आहे. तरी सरावाला गेले की चेंडूवर उभी राहते आणि वाटतं, हा खरंच इथेच पडला होता का? माझी पार वाट लागली आहे, आत्या. फेब्रुवारीत कशी खेळणार?

बाबा मला म्हणाले की तू त्यांना विचारलंस, दुसऱ्या नंबरवर कोण आली होती. त्यांना आठवत नव्हतं. मला आठवतं. दीप्ती कर्णिक, ठाण्याची. शेवटच्या दोन दिवसांत तिने माझ्या पाच फटक्यांच्या आघाडीतले चार खाल्ले होते. त्यानंतर दोन वर्षांत तिने खेळ सोडला. का सोडला, मी कधी विचारलं नाही.

तुझी,
कल्पिता


मुलुंड
२२ डिसेंबर २०२४

चि. कल्पिता हिस,
अ. उ. आ.

बोलणार नाही. तू माणूस आहेस, राग येणारच. बापाला सोडायला खाली उतरली नाहीस, हे तू मी न विचारताच लिहिलंस, त्यातच सगळं आलं.

मला आता त्या दीप्तीबद्दल फार कुतूहल आहे. कुठे असते? काय करते? खेळ का सोडला? एका फटक्यामुळे सोडला की लग्नामुळे, की कंटाळा आला? तुझ्या डोक्यात तिच्याबद्दल जी गोष्ट तयार होतेय, ती खरीच असेल असं नाही. माझ्या वर्गातल्या ज्या मुलांबद्दल मला वाटायचं की यांचं माझ्यामुळे नुकसान झालं, ती मुलं भेटल्यावर मला दुसऱ्याच बाईबद्दल तक्रारी सांगतात.

तिचा पत्ता शोध. जायची हिंमत होत नसेल, तर लिही. पत्राचा एक फायदा असतो, समोरच्याला रागावायला हवा तेवढा वेळ मिळतो.

सहदेव जेवतो की नाही ते मी बघते. तू तुझं बघ.

जानकी आत्या


घाटकोपर (पूर्व)
३ जानेवारी २०२५

प्रिय कल्पिता,
स. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात आलं. मी चष्म्यांचं दुकान चालवते, हे तुला कोणीतरी सांगितलंच असणार. गिऱ्हाइकाचा नंबर तपासता तपासता ते फोडलं आणि मग त्या काकांना दहा मिनिटं तशीच काळी पट्टी लावून बसवून ठेवलं.

राग आला. खोटं कशाला बोलू? बंगळूरला मी गेले असते, असं मनात आलंच. तुझे फोटो पेपरात बघितले की मी मुलीला सांगायचे, हिच्याकडून मी हरले होते. त्यात एक मजा होती. चांगल्या माणसाकडून हरले, अशी. ती मजा तू काढून घेतलीस.

पण दुसरंही खरं आहे. इतकी वर्षं मी त्या दिवसाचा विचार करते तेव्हा चौदावा होल माझ्या डोक्यात नसतोच. मला दिसतो तो अठरावा. दोन फुटांवरून चेंडू खळग्यात ढकलायचा पट होता. तो गेला असता, तर बरोबरी होती. मी मारला आणि चेंडू कडेवरून फिरून बाहेर आला. तुझ्या बाबांनी तुझा चेंडू हलवला, पण माझा हात कोणी हलवला नव्हता. खेळ सोडला तो पप्पांचं दुकान बघायला, आणि खरं सांगायचं तर रोज उन्हात उभं राहायचा कंटाळा आला होता. त्यामुळे माझ्या आयुष्याचं ओझं तू उचलायची गरज नाही. ते बरं चाललंय.

तू विचारलंस, मला काय हवं. दोन गोष्टी. पहिली, मला ती जागा बघायची आहे. तुझ्या बाबांनी स्वतः येऊन चेंडू कुठे होता आणि कुठे ठेवला ते दाखवावं. आणि तू तिथून खेळून दाखवावंस, जिथे तो मुळात पडला होता तिथून. मला बघायचंय काय झालं असतं. दुसरी गोष्ट, हे तुझ्या कपाटात बंद राहू नये. कोणाला सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण सांगा.

सोमवारी दुकान बंद असतं.

ओळख होती, आता पुढे काय ते बघू.
दीप्ती


मरोळ
१५ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ पोचला. तुझे प्रश्नही पोचले, सगळ्यांची उत्तरं या पत्रात आहेत.

परवा, सोमवारी, आम्ही तिघं क्लबवर गेलो. सोमवारी तिथे फक्त गवताची कामं असतात, खेळ नसतो. बाबांना मी फोन केला होता. एवढंच म्हणाले, येतो. गेटवर आले तेव्हा इस्त्रीचा शर्ट घातला होता. दीप्तीला त्यांनी नमस्कार केला, तर ती गोंधळली आणि तिनेही केला.  मग बाबा चालायला लागले आणि आम्ही मागे. नऊ वर्षं झाली त्यांना निवृत्त होऊन, पण वाटेत तीन ठिकाणी थांबून ते मला सांगत होते की इथे पाणी जास्त देतायत, मुळं सडतील.

झाड आहे अजून, पण मुळं वर आली आहेत. मी विचारलं, जागा नक्की कशी सांगणार? बाबा म्हणाले की त्या दोन मुळांपाशी मशीनचं पातं लागू नये म्हणून ते एकोणतीस वर्षं मशीन उचलून घेत होते, त्यांना न बघताही जागा सापडेल. त्यांनी चेंडू खाचेत ठेवला. मग हातभर बाहेर दुसरा ठेवला.  दीप्तीने वाकून दोन्ही चेंडू पाहिले. तिला म्हणे वाटलं होतं की पाच-दहा फूट तरी सरकवला असेल. एवढंसं अंतर तिने वितीने मोजून बघितलं.

मी खाचेतल्या चेंडूपाशी उभी राहिले. तिथून मारताच येत नाही, आत्या. मनगट मोडेल. सतरा वर्षांची असते तरी मी मारला नसता, कारण बाबांनीच मला शिकवलं होतं की अडकलेल्या चेंडूशी भांडायचं नाही, दंड घ्यायचा आणि पुढे जायचं. त्याचीच त्यांना आठवण करून दिली. ते म्हणाले, शिकवणं सोपं असतं.

दंडाचा फटका घेतला, चेंडू बाहेर टाकला आणि ग्रीनवर मारला. दोन पट लागले. म्हणजे पाच. त्या दिवशी चार झाले होते. दीप्तीने बोटांवर मोजलं आणि म्हणाली की बरोबरी झाली असती, मग आम्हा दोघींचा जादा होल झाला असता, आणि त्यात कोण जिंकलं असतं ते आता देवालाही सांगता येणार नाही. मी म्हटलं, आता खेळूया का? ती हसली. म्हणाली, तू धंदेवाईक आणि मी चष्मेवाली, उगाच माझी फजिती कशाला करतेस?

मग ती बाबांकडे वळली. तिने त्यांना विचारलं की तुम्हाला माझं नाव आठवत नव्हतं, हे खरं का? बाबा म्हणाले, खरं. त्या दिवशी मला माझ्या पोरीशिवाय मैदानावर कोणी दिसतच नव्हतं, तोच माझा गुन्हा.  परत येताना बाबा उताराला अडखळले, तर तिनेच हात धरला.

माझा राग गेला का, असं विचारशील. सगळा नाही. पण आता मी त्यांच्याशी भांडू शकते. महिनाभर तेवढंही जमत नव्हतं.

बाबा क्लबच्या सेक्रेटरींना स्वतः पत्र लिहिणार आहेत. मी मजकूर लिहून देते म्हटलं, तर नको म्हणाले.

तुझी,
कल्पिता


मालाड
२२ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
सहदेवचा सा. न.

क्लबला पत्र दिलं ते तुला कळवलं होतं. त्यांनी सत्कार रद्द केला. सेक्रेटरीसाहेबांचं उत्तर चांगल्या भाषेत होतं. निकाल बदलता येत नाही, पण पत्र कमिटीसमोर वाचलं, असं लिहिलं. माझ्याबरोबर काम केलेल्यांपैकी दोघांनी बोलणं बंद केलं. त्यांचंही बरोबर आहे, एकाने केलं की सगळ्या माळ्यांवर संशय येतो. पेपरात चार ओळी आल्या. कल्पीला पत्रकारांनी विचारलं, तेव्हा तिने सरळ सांगितलं की हो, माझ्या वडिलांनी केलं, त्यांनीच सांगितलं, आणि दुसऱ्या आलेल्या मुलीचं नाव दीप्ती कर्णिक.

आता सामन्याचं. तू विचारलंस की गेलास का. गेलो. तिन्ही दिवस गेलो. तिकीट नव्हतं, दोरीच्या बाहेर कोणीही उभं राहू शकतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, ती मला बघून बिघडेल, म्हणून मी लांब राहिलो. दुसऱ्या होलला तिने मला पाहिलं आणि टोपीला हात लावला. मग मी जवळून चाललो. चौदाव्याला मात्र माझे पाय पुढे जाईनात. दीप्ती आली होती लेकीला घेऊन. ती म्हणाली, काका, चला, इथे थांबलात तर पुढचं दिसणार नाही. मग गेलो. कल्पीचा चेंडू मधोमध पडला.

अक्का, मी एकोणतीस वर्षं ते गवत कापलं. पण तिथे पहिला फटका कसा निघतो ते मी कधी जवळून बघितलंच नव्हतं. मशीन बंद करून झाडाआड उभं राहिलं की फक्त चेंडू येताना दिसतो, माणूस दिसत नाही. ही आपली पोर इतकी शांत उभी राहते. मग वळते. आवाज येतो तो चेंडूचा नाही, हवेचा. माझ्या बाजूला एक बाई उभी होती, तिने मला विचारलं, तुम्हाला खेळ कळतो का? मी म्हटलं, थोडा.

ती सातवी आली. कप दुसऱ्या कोणी नेला. संपल्यावर माझ्याजवळ आली, घामाने भिजलेली. मला विचारलं, बघितलंत ना, मग सांगा. मी म्हटलं, चांगलं खेळलीस. ती म्हणाली, ते सगळेच सांगतात, तुम्ही काय बघितलं ते सांगा. मग मी सांगितलं की तुझी डावी टाच उशिरा टेकते. टाच टेकायच्या आधीच खांदा फिरतो, म्हणून चेंडू उजवीकडे पळतो.

ती भडकली. म्हणाली, पाच कोच झाले, व्हिडिओ काढून झाले, टाचेचं कोणी बोललं नाही. मी म्हटलं, ते खांदा बघत असतील, मी जन्मभर जमीन बघितली आहे. आम्ही तिथे पार्किंगमध्ये अर्धा तास भांडलो. दीप्तीची लेक आमच्याकडे बघत होती. शेवटी कल्पीने गाडीतून स्टिक काढली आणि चेंडू न घेताच दहा-बारा वेळा फिरवून बघितली. मी टाचेकडे बघत राहिलो.  मग स्टिक ठेवून ती गाडीत बसली, आणि काच खाली करून म्हणाली, उद्या सकाळी सात वाजता सरावाच्या मैदानावर या, उशीर करू नका.

आता सकाळचे सहा वाजायला आले. मार्व्याला आज जाणार नाही. एवढं लिहून निघतो, नाहीतर ती ओरडेल.

धाकट्यावर होती तशीच माया राहू दे.
सहदेव